करवंदाचं विरजण

टक्. टक्. टक्.

दर्शनाला आधी वाटलं, माळ्यावर पाल चुकचुकतेय. मग लक्षात आलं की आवाज आपल्याच कुशीतून येतोय. अनय दूध पीत होता आणि घोटाघोटाला त्याची जीभ सुटत होती. दोन घोट घ्यायचा, टक् करून तोंड काढायचा, किरकिरायचा, परत शोधायचा. आठ महिन्यांच्या या पोराने आजवर दुधाच्या बाबतीत कधी तक्रार केली नव्हती. घाटकोपरची ती दहा बाय पंधराची खोली अजून झोपेत होती. विशाल भिंतीकडे तोंड करून, सहा वर्षांची अबोली त्याच्या पाठीला पाठ लावून. त्या शांततेत ती टकटक फार मोठी वाटत होती.

तिने मोबाइलचा उजेड लावला आणि अनयची हनुवटी अंगठ्याने हलकेच खाली ओढली.

जिभेवर पांढरं होतं. गालांच्या आतल्या बाजूलाही.

"दुधाची साय असंल वं," सासूबाई अंथरुणातूनच म्हणाल्या. विमलाबाई वाशीमच्या, मुंबईत तीस वर्षं काढली तरी त्यांची बोली वाशीमच्या पुढे आली नव्हती. "पदरानं पुसून काढ."

"साय पुसली की जाते, आत्या."

तिने ओल्या कापसाने हळूच पुसलं. पांढरं तसंच राहिलं; एका कडेला जरासं निघालं तिथे खाली लालभडक दिसलं. अनय कळवळून रडला. अबोली झोपेत बोलली, "मम्मी, त्याला गप कर ना."

दर्शनाने मोबाइल विझवला, पोराला खांद्यावर घेतलं आणि अंधारात नुसती उभी राहिली. गेले आठ दिवस छातीला खाज येत होती, पाजताना काचेची किरच ओढल्यासारखं व्हायचं. घामोळं असेल म्हणून तिने दुर्लक्ष केलं होतं. आता तिला कळलं. हे पांढरं ती ओळखत होती. गेली आठ वर्षं ती ते काचेच्या अलीकडून बघत आली होती.

यीस्ट. बुरशीचीच एक जात. आणि शनिवारी प्रयोगशाळेतल्या प्रितमने फोनवर जो फोटो पाठवला होता, त्यातही तेच होतं.

*

लग्न ठरलं तेव्हा विमलाबाईंनी विचारलं होतं, "पोरगी बीएस्सी हाये ते समजलं. पण कंपनीत करते काय?"

दर्शनाने तेव्हा बराच विचार करून सांगितलं होतं, "विरजण लावते."

ते काही खोटं नव्हतं. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर तिची प्रयोगशाळा होती. तिथे करवंदाच्या पानाच्या पेशी वाढवत. झाड नाही, फळ नाही, नुसत्या पेशी. काचेच्या फ्लास्कमध्ये साखरेचं, क्षारांचं पाणी. त्यात त्या जांभळट पेशी, रात्रंदिवस हलणाऱ्या टेबलावर डुलत असायच्या. दर चौदा दिवसांनी जुन्यातला चमचाभर नव्या पाण्यात घालायचा, म्हणजे परत फ्लास्क भरतो. चौदा दिवस चुकले तर पेशी उपाशी मरतात. आणि चुकून एखादा जंतू आत गेला तर तो त्यांची साखर खाऊन त्यांना दोन दिवसांत संपवतो. वाढलेल्या पेशींचा अर्क काढायचा, तो चेहऱ्याला लावायच्या सिरममध्ये जायचा. त्यात अँटिऑक्सिडंट भरपूर. ऊन, धूर यांनी कातडी लवकर म्हातारी होते ती होत नाही, असं कंपनी म्हणे.

"म्हंजे करवंद न तोडता करवंद," विमलाबाई म्हणाल्या होत्या. "अन् ते बाया तोंडाले लावतात. लावोत बापा."

पण त्यांना पोरगी आवडली होती. चौदा दिवसांचा नेम पाळणारी पोरगी घर राखील, असा त्यांचा हिशेब होता. दर्शनाने तो नेम आठ वर्षं पाळला होता. अबोलीच्या वेळी नववा महिना लागेपर्यंत ती हूडसमोर बसत होती. हूड म्हणजे काचेचं तीन बाजूंनी बंद कपाट. आतून गाळलेली हवा सतत बाहेर वाहते, त्यात दोन हात घालून काम करायचं. पेशींची ही जात तिच्याच हाताखाली निवडली गेली होती. शंभर बशांमधून सगळ्यांत गडद जांभळी दिसली ती तिने वेगळी काढली, आणि दोन वर्षं पोसली. रजिस्टरमध्ये तिचं नाव 'क-सात'. दर्शना मनातल्या मनात तिला नुसतं 'माझी' म्हणायची.

गेल्या गुरुवारी क-सातला विरजण लावायचा दिवस होता. बारा फ्लास्क.

सकाळी दहाला ती रोज दूध काढत असे. त्यासाठी जागा नव्हतीच. चंपामावशींनी काचसामानाच्या स्टोअरची किल्ली दिली होती. मावशी फ्लास्क धुवायच्या, मग ते वाफेने निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह लावायच्या; त्या मोठ्या यंत्राला त्या 'कुकर' म्हणत. दर्शना आत खोक्यावर बसून दूध काढायची आणि मावशी बाहेर दाराला पाठ लावून उभ्या. कोणी आलंच तर, "आत लादी पुसलीय, ओली आहे, मागून ये," असं ठणकावून सांगायच्या. प्रितम एकदा म्हणाला होता, "मावशी, तुमची लादी दिवसातून दोनदा ठरल्या वेळेला ओली होते, यार." मावशी म्हणाल्या, "तुझी अक्कल एकदा तरी होते काय?"

पण गुरुवारी प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर गार्गींनी सांगितलं, "दर्शना, ब्रेक नंतर घे. ट्रान्सफर बाराच्या आत संपव, मला आकडे पाठवायचेत." पुढच्या आठवड्यात शुक्रवारी माल घेणाऱ्या परदेशी कंपनीची माणसं तपासणीला यायची होती. दर्शना थेट हूडवर बसली.

आठवा फ्लास्क झाला आणि तिला पान्हा फुटला.

कोणाचं मूल रडलं नाही, काही नाही. अंगाला वेळ कळते. गरम ओल आधी आतल्या कपड्यात, मग पांढऱ्या गाऊनवर पसरली. दोन्ही हात हूडमध्ये, नववा फ्लास्क उघडा. नियम तिला तोंडपाठ होता, नव्या माणसांना तीच शिकवायची: काहीही ओलं झालं की थांबा, बाहेर या, गाऊन बदला, सगळं स्पिरिटने पुसून घ्या, मग परत बसा. वीस मिनिटं. पण गाऊन प्रितमच्या कपाटात, आणि तो विचारणार, काय सांडलं? तिने उजवं मनगट छातीवर घट्ट दाबलं, सगळ्या बाया दाबतात तसं. दूध थांबलं. मग तळहातांवर स्पिरिट मारलं आणि नववा घेतला. दहावा, अकरावा, बारावा. मनगटावर स्पिरिट मारायचं तिच्या ध्यानातही आलं नाही.

*

सोमवारी मेट्रोतून उतरून ती प्रयोगशाळेत पोचली तेव्हा चौघं त्या हलत्या टेबलाभोवती उभे होते. आठ फ्लास्क जांभळे, निवळ. नऊ ते बारा राखाडी, गढूळ. एका फ्लास्कची टोपी प्रितमने सैल केली तेव्हा ताडीसारखा आंबूस वास सुटला.

"करवंदाची वाइन झाली," तो म्हणाला. कोणी हसलं नाही. "यीस्टच आहे. मायक्रोस्कोपखाली बघितलं. झकास, टपोरं."

डॉक्टर गार्गी चष्मा काढून डोळे चोळत होत्या. "शुक्रवारी ते लोक येतील, पहिलं रजिस्टर हेच उघडतील. हे कसं झालं, ते आज कागदावर पाहिजे मला." मग त्यांची नजर सिंककडे गेली, आणि तिच्या मागोमाग सगळ्यांची.

सिंकपाशी चंपामावशी ब्रशने फ्लास्क घासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. कुणी काही बोललं नव्हतं, तरी त्यांना कळलं होतं. प्रयोगशाळेत काही बिघडलं की आधी पाण्याकडे बघतात, मग भांड्याकडे, मग भांडं घासणारीकडे.

दहा वाजता स्टोअरचं दार लावल्यावर दर्शनाने मावशींना बाहेर जाऊ दिलं नाही. हाताला धरून आत ठेवलं.

"मावशी, ते माझ्यामुळे झालं."

आणि तिने सगळं सांगितलं. गुरुवारची ओल, मनगट, पोराच्या तोंडातलं पांढरं. सांगताना रडू येत होतं, आणि रडू आलं की दूधही येत होतं. दोन्ही कुठे पुसावं तिला कळेना.

चंपामावशी मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, गिरणी गेली, मग नवराही गेला. दोन मुलगे लग्न करून वेगळे राहिलेले. रागावल्या की शहराची भाषा सोडून गावच्या भाषेत शिरायच्या. मायेनेसुद्धा.

"रडतंस कित्याक गो? गप ऱ्हव आधी." त्यांनी आपल्या पदराने तिचं तोंड पुसलं. पदराला साबणाचा वास होता. "कोणाक सांगलंस?"

"अजून नाही. आता मॅडमना सांगते."

"खुळी काय तू? तुका काढतील."

"मग काय तुम्हाला काढू देऊ?"

मावशींनी तिच्या हातातून हात सोडवून घेतला. मग कपाळावरचे केस मागे सारत म्हणाल्या, "मियां मघाशीच मॅडमाक सांगान इलंय. बुधवारी लाइट गेली, कुकराचा प्रेशर उतरला, मी परत लावला नाय. चुकी माझी."

"पण लाइट गेलीच नव्हती बुधवारी!"

"मॅडमाक खंय म्हायत? ती बुधवारी पवईक होती मीटिंगेक." त्या चक्क हसल्या. "तुझो झील अनय न्हान आसा. माझे झील बापये झाले, आवशीक विचारणत नाय. माझां काय जाता? गुडघे असेसुद्धा जिने चढणत नाय हल्ली. दूध काढ तू. लादी ओली आसा."

आणि त्या बाहेर जाऊन दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

*

दुपारी ती गार्गी मॅडमच्या केबिनमध्ये गेली तेव्हा कागद टेबलावर तयारच होता. तीन चौकटी: काय झालं, कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. हूडवर बसलेल्या माणसाने तो भरायचा आणि सही करायची, अशी पद्धत होती.

"मॅडम, चंपामावशी खोटं बोलतायत."

गार्गी मॅडमनी मान हलवली. "माहितीय."

दर्शनाने पुढचं वाक्य मनात घोकून आणलं होतं, त्याची आता गरज नव्हती.

"कुकर बिघडला असता तर बाराच्या बारा गेले असते ना," मॅडम म्हणाल्या. "शेवटचे चारच का? आणि नुसतं यीस्टच का? मला आज सकाळी पहिल्या मिनिटाला कळलं की हे हूडवर झालं. बस."

ती बसली. सगळं सांगितलं. या वेळी रडली नाही. सांगून झाल्यावर मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या. समोरच्या गाळ्यावर कोणीतरी पुठ्ठ्याची खोकी रचत होतं.

"ब्रेक नंतर घे, असं मीच म्हटलं होतं," त्या म्हणाल्या.

"तुमची काय चूक मॅडम. मी थांबायला पाहिजे होतं."

"हो, पाहिजे होतं." त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. "आता ऐक. तू खरं लिहायचं म्हणतेस तर लिही. मी अडवणार नाही. पण कारणाखाली उपाय लिहावा लागतो. तुझ्या कारणाचा उपाय काय लिहू मी?"

"एक खोली लिहा. दूध काढायला. आणि वीस मिनिटं."

"लिहीन की. पण तो कागद वर जाईल. वरचे काय करतील, खोली बांधतील, की बाई बदलतील? अंगावर पाजणाऱ्या बाईला हूडवर बसवू नये, एवढं एक वाक्य पुरतं त्यांना. ते एकदा कागदावर आलं की नियम झाला. तू गेलीस तरी नियम राहील. पुढच्या वर्षी दुसरी कोणी बाळंतपणाची रजा संपवून आली की तिला तो दारातच दाखवतील." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "माझी मुलगी पाच महिन्यांची असताना मी तिला वरच्या दुधावर टाकलं. तेव्हा मी पण हूडवरच होते. कोणी सांगितलं नव्हतं. मलाच भीती वाटली."

दर्शनाने कागद आपल्याकडे ओढला.

"मावशींचं काय होईल?"

"त्या ठेकेदाराकडून आहेत. तो त्यांना दुसरीकडे पाठवेल." हे म्हणताना मॅडमनी तिच्याकडे बघितलं नाही, त्यावरून दर्शनाला कळलं की तो कुठेही पाठवणार नाही. "मी तुला हे लिही म्हणत नाहीये, दर्शना. ते लिही असंही म्हणत नाहीये. फक्त आज पाचच्या आत दे."

दर्शनाचे वडील शिवदास महापालिकेच्या शाळेत शिपाई होते. ती पहिल्या नोकरीला निघाली तेव्हा त्यांनी एकच गोष्ट सांगितली होती: न वाचता कधी सही करू नकोस. आपल्या माणसांनी फार अंगठे उठवलेत न वाचता.

तिने वाचलं. पहिल्या चौकटीत काय झालं ते लिहिलं. दुसऱ्या चौकटीपाशी पेन टेकवला तो तिथेच शाईचा ठिपका होईपर्यंत धरून ठेवला. तिला विशालचा चेहरा आठवला, अबोलीच्या शाळेतली फीची रांग आठवली, क-सातचे उरलेले आठ फ्लास्क आठवले. तिच्याशिवाय त्यांना कोण हात लावणार होतं? प्रितमच्या हाताखाली त्या जांभळ्या पेशी फिक्या पडतात, हे तिने रजेत पाहिलं होतं. मग तिचीच तिला लाज वाटली. मावशींच्या पोटाचा प्रश्न होता आणि आपण पेशींचा विचार करतोय. पण खरं म्हणजे ती कशाचाच विचार करत नव्हती. तिला फक्त घाबरायला झालं होतं, आणि घाबरलेल्या माणसाला कारणं पटापट सापडतात.

तिने लिहिलं. काचसामान निर्जंतुक करताना दाब अपुरा राहिला. संबंधित कर्मचारी बदलण्यात आला आहे. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

मग तिने सगळं पुन्हा एकदा वाचलं आणि सही केली.

संध्याकाळी सिंक कोरडं होतं. ब्रश उलटा करून नीट टांगलेला. मावशी चारलाच गेल्या, प्रितम म्हणाला. जाताना त्याला म्हणाल्या होत्या, "उद्यापासून लादी तू पुस. पण दोन वेळा. ठरल्या वेळेक."

*

डॉक्टरांनी अनयच्या तोंडात घालायला थेंब दिले आणि दर्शनाला लावायला मलम. "दोघांनी एकाच वेळी घ्यायचं, नाहीतर तुझं त्याला नि त्याचं तुला होत राहील," ते म्हणाले. चौथ्या दिवशी टकटक थांबली. तपासणीची माणसं आली, रजिस्टर बघितलं, तो कागद बघितला, मान डोलावली, गेली. कंपनीने खूश होऊन सगळ्यांना सिरमची एकेक लहान बाटली दिली.

"संपलं ना मग?" विशाल म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करत असे. त्याच्या मते कुठलीही गोष्ट चालू झाली की संपली. "मावशींची चूक होती, त्यांनीच कबूल केली. तू कशाला तोंड पाडून बसतेस?"

दर्शनाने त्याला तेवढंच सांगितलं होतं. विमलाबाईंनी भाजी निवडता निवडता एकदा सुनेकडे पाहिलं आणि पुन्हा पाल्यात बोटं घातली.

रविवारी तिने अनयला कडेवर घेतलं, अबोलीचं बोट धरलं आणि मुलुंडला गेली. चंपामावशींची खोली डोंगराच्या उतारावर, पायऱ्या पायऱ्यांनी वर. अबोलीने पायऱ्या मोजल्या. एकशे चाळीसपर्यंत आल्यावर ती कंटाळली.

मावशी दारातच तव्यावर घावन घालत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि त्यांचा हात क्षणभर थांबला, बस्स तेवढाच.

"काय गो, इतकी चढण चढून इलंस? ये ये. ही अबोली? हिचं नाक तुझं नाय, सासूचं आहे." मग हात पुढे केले. "दी हय तेका. बघू तोंड."

त्यांनी अनयला मांडीवर आडवं घेतलं आणि त्याच्या हनुवटीला बोट लावलं. त्याने आपणहून तोंड उघडलं. जीभ गुलाबी होती.

"साफ," मावशी म्हणाल्या. "झकास. आता दादा भात जेवतलो."

अबोलीने दोन घावन खाल्ले, नारळाच्या रसात बुडवून बुडवून. दर्शनाने घावन तसाच ठेवला होता. ती मावशींची बोटं बघत होती. कुठल्या कुठल्या आम्लांनी, साबणांनी फाटलेली. अंगठ्याच्या पेराला चीर, तिच्यात काळं भरलेलं. रोज दिसणारी ही बोटं तिने कधी पाहिली नव्हती.

"सध्या काय करता, मावशी?"

"खालच्या हॉलात. लग्नाची भांडी." त्यांनी घावन उलटला. "फ्लास्कापेक्षा बरां. फुटत नाय. नि कोण फोटो काढून पाठवत नाय."

दर्शनाने पिशवीतून बाटली काढली. आणताना तिला वाटलं होतं, काहीतरी हातात असावं. आता तीच बाटली हातात ठेवायची लाज वाटत होती. पण मावशींनी ती घेतली, उजेडात धरली, ड्रॉपर दाबून एक थेंब अंगठ्याच्या चिरेवर टाकला.

"ह्यां काय? आपलां करवंद?"

"हो."

"वास नाय कसलो. आणि माका विचारशील तर..." त्यांनी चटकन अंगठ्यावर फुंकर घातली. "चरचरता गो! म्हातारीक तरणी करूक बघता." त्या हसायला लागल्या, अबोलीही हसली. हसता हसता मावशींनी बाटलीचं झाकण फिरवून लावलं आणि ती आरशाच्या फळीवर, हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवली. "मे महिन्यात ये पोरांक घेवन. हय मागच्या डोंगरार करवंदां. खाऊक कोण विचारणत नाय."

निघताना मावशींनी अनयच्या कानामागे तव्याचं काजळ टेकवलं. दर्शना चपला घालायला वाकली ती तशीच राहिली. मावशींचे पाय समोर होते. तिने दोन्ही हातांनी ते धरले.

"मला माफ करा, मावशी."

"उठ गो. पोरां बघतत."

"मला माफ करा."

मावशींनी तिला दंडाला धरून उठवलं. त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं होतं आणि त्याच्या जागी काय आलं होतं ते दर्शनाला बघवेना. "उतरताना सांभाळ," त्या एवढंच म्हणाल्या. "पायऱ्या मोडल्यात." आणि विझत आलेल्या स्टोव्हकडे वळल्या.

पन्नास-साठ पायऱ्या उतरेपर्यंत अबोली गप्प होती. खाली रस्त्यावरच्या बसचे हॉर्न ऐकू यायला लागले होते. अनय खांद्यावर झोपला होता. अबोली मध्येच थांबली, आईचा हात ओढला.

"मम्मी, चूक तर या घावनवाल्या आजीची होती ना? पप्पा म्हणत होते."

दर्शनाने मोडकी पायरी चुकवून पाय खाली टाकला.

"मग सॉरी तू का म्हणालीस?"